येझदीचा पिस्टन : जुना साठा, नवा लोकल की चेक बनावटीचा? (तीन पिस्टन मोजून)

उद्यमनगर_कट्टा | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

धागा मोठा होणार आहे, कारण गेले दोन महिने डोक्यात दुसरं काही नाही. बाबांची १९७५ सालची येझदी २५० मोटरसायकल, बी टाईप. माझ्या जन्माआधीपासून घरात आहे. फेब्रुवारीत पणजीहून कोल्हापूरला परत येताना आंबोली घाटात पिस्टन धरला, म्हणजे तापून आतच अडकला. दाणोली सोडली, चढ लागला, मागे बायको, दोन बॅगा, दुपारचे दोन. आधी इंजिनचा आवाज कोरडा झाला, मग मागून कुणीतरी ओढल्यासारखी गाडी जड झाली आणि मी क्लच दाबेपर्यंत मागचं चाक घासत थांबलं. पाऊण तासाने थंड झाल्यावर किक बसली. हळूहळू आजऱ्यापर्यंत आणली आणि तिथून टेंपोत घातली.

ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) काढला तर पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी आडवी पिन) दोन्ही बाजूंना दोन-दोन, अगदी सारख्या अंतरावर. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला घासलं असतं तर मिक्श्चर पातळ होतं किंवा कुठूनतरी हवा ओढत होती असं म्हटलं असतं. चार कोपरे धरले म्हणजे पिस्टन फुगला आणि त्याला फुगायला जागा नव्हती.

वर्षापूर्वीच रीबोअर केलेला, म्हणजे ब्लॉकचं भोक (बोअर) मोठं करून नवा पिस्टन घातलेला. तेव्हा घातलेल्या पिस्टनवर आकडा होता ६५.२५. आता स्कर्टचा (पिस्टनची खालची भिंत) न घासलेला भाग मायक्रोमीटरने मोजला तर ६५.२१. ब्लॉकच्या अगदी खालच्या, न झिजलेल्या भागाचा बोअर ६५.२५. म्हणजे क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) फक्त ०.०४ मिमी. काय झालं असणार ते लगेच कळलं. ज्याच्याकडे काम दिलं त्याने डोक्यावरचा आकडा वाचला आणि बोअर बरोबर तेवढा कापला. पिस्टन मोजलाच नाही. मी तिथेच उभा होतो, मलाही विचारायचं सुचलं नाही, त्याचं फार वाईट वाटतंय.

०.०४ कमी का, याचा हिशेब वहीत केला तो इथे देतो. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जवळजवळ दुप्पट फुगतं. ६५ मिमीचा पिस्टन शंभर अंशांनी तापला की साधारण ०.१३ मिमीने वाढतो. आपला ब्लॉक बीडाचा. तोही तेवढाच तापला तर बोअर ०.०७ ने वाढतो. फरक ०.०६. त्यात पिस्टन नेहमीच ब्लॉकपेक्षा जास्त तापलेला असतो. गावातल्या गावात ०.०४ वर वर्षभर गाडी चालली, चढावर डबलसीट चालली नाही.

आता ब्लॉक पुढच्या साईजला कापायचा आहे. माझ्या टेबलावर तीन पिस्टन आहेत. खराब झालेला पिस्टन मापाने बरोबर होता (क्लिअरन्सची चूक त्याची नव्हे), म्हणून त्यालाच प्रमाण धरून तुलना केली.

अ) जुना साठा. पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात मिळाला, मेणाच्या कागदात गुंडाळलेला. साईज ६६.००, दुसरी नव्हतीच. गजन पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची जुन्याइतकीच. वजन दोन ग्रॅम कमी. रिंगांना गंज चढलाय, पिस्टन मात्र नख फिरवलं तरी गुळगुळीत.

ब) नवा लोकल. साईज ६५.५०, रिंग, गजन पिन, लॉक सगळं एकत्र. सर्वांत स्वस्त. पण पिन ते डोकं ही उंची जुन्यापेक्षा ०.८ मिमी कमी, इनटेकच्या बाजूचा स्कर्ट २ मिमी आखूड आणि वजन १८ ग्रॅम जास्त.

क) चेक बनावटीचा. आपल्याच इथल्या ब्र्नोकर यांनी पाठवला. साईज ६५.५०. उंचीत फरक ०.१ च्या आत, वजन चार ग्रॅम जास्त, स्कर्टच्या खिडक्या जुन्याशी जुळतात.

शिवाय काही जणांनी फोर्ज्ड (घणाखाली घडवलेला) पिस्टन ऑर्डर देऊन बनवून घ्या असं सुचवलंय. तुम्ही काय केलं असतं? ज्यांनी स्वतः ब्लॉक उघडलाय त्यांनी जरूर लिहा.


घाटवाट | १२ मे, रात्री १०:१५

भावा, वाचून पोटात गोळा आला. माझी १९८४ ची येझदी रोडकिंग वरंध्यात अशीच धरली होती, म्हणून तो कोरडा आवाज काय असतो ते मला माहीत आहे.

पण लोकलला एकदम बाद करू नकोस. माझ्या गाडीत लोकल पिस्टनच आहे आणि त्यावर वीस हजारांच्या वर किलोमीटर झालेत. फक्त मी दुकानात तीन पेट्या उघडायला लावून त्यातला एक निवडला होता. दुकानदार वैतागला, पण मी जुना पिस्टन सोबत नेला होता आणि दोन्ही गजन पिनवर ओवून शेजारी शेजारी धरले. डोकी एका पातळीत येतात की नाही ते डोळ्याला तिथेच दिसतं. मोजमापाची साधनं नसलेल्याला एवढं तरी करता येतं.

फोर्ज्डबद्दल माझं मत अनुकूल आहे. घाटात चालवणाऱ्याला ताकद हवी.


लेथवाली | १२ मे, रात्री ११:०२

मी मिरजेची. वडिलांचं बोअरिंगचं शॉप आहे, बारावीपासून मी तिथे उभी राहते. दुचाकीचे ब्लॉक आता माझ्याकडेच असतात. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट त्या आकड्याची. काही कारखाने पिस्टनवर बोअरची साईज छापतात, म्हणजे पिस्टन त्याहून लहान असतो आणि क्लिअरन्स आधीच वजा केलेलं असतं. काही पिस्टनची खरी साईज छापतात. आकडा दिसायला सारखाच. म्हणून आमच्याकडे नियम आहे: पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पिस्टन उद्या आणतो, तोवर पन्नासला (म्हणजे अर्धा मिमी मोठं) कापून ठेवा." नाही कापत.

मोजायचा कुठे, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. पिस्टन दिसायला गोल असला तरी गोल नसतो. गजन पिनच्या दिशेने तो किंचित चपटा असतो आणि डोक्याकडे निमुळता, कारण डोकं सगळ्यात जास्त तापतं. व्हर्नियर डोक्यावर लावून "पिस्टन लूज आहे" म्हणणारे रोज भेटतात. माप घ्यायचं स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात, आणि मायक्रोमीटरनेच.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात गिऱ्हाईक डिकीतून तापलेला पिस्टन आणतं आणि ब्लॉक आमच्याकडे रात्रभर थंड फरशीवर असतो. दोघांत १५ अंशांचा फरक असला तरी ६५ मिमीच्या पिस्टनचं माप ०.०२ ने मोठं येतं. आपण भांडतोय ०.०४ आणि ०.०७ वरून! म्हणून दोन्ही वस्तू एका टेबलावर दोन तास ठेवायच्या, मग गेज लावायचा.

तुमच्या बीडाच्या ब्लॉकला आणि साध्या ओतीव पिस्टनला मी ०.०७ ठेवते. घाटात डबलसीट जाणार असं कुणी आधीच सांगितलं तर ०.०७५. सुरुवातीला थंडीत थोडा टकटक आवाज येतो, गरम झाला की जातो. "टाईट ठेवा, जास्त टिकेल" हे चारचाकीच्या डिझेल इंजिनवाल्यांचं शहाणपण आहे, हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला ते लावू नका.

आता तुमच्या तीन पिस्टनांपैकी. अ सुंदर असेल, पण तो घ्यायचा म्हणजे ६५.२५ वरून एकदम ६६.०० वर उडी. मधल्या दोन साईज फुकट गेल्या. ओरखडे किती खोल आहेत? एका बाजूला ०.०८ पेक्षा कमी असतील तर ६५.५० ला साफ निघतील. ब्लॉकमधलं बीड एकदा कापलं की परत येत नाही. पुढे लायनर (आतून बसवलेली नळी) घालता येतो, पण बीडाच्या मूळ ब्लॉकसारखी उष्णता लायनरमधून बाहेर जात नाही, दोघांमध्ये सूक्ष्म फट राहतेच.

घाटवाट दादा, फोर्ज्डबद्दल उद्या लिहिते.


मावळतीचे_काका | १३ मे, सकाळी ६:५०

मी १९७१ साली सोलापुरात जावा घेतली. त्या वेळी म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना दहा वर्षांचा होता. पार्ट हवा म्हटलं की डीलरकडे पेटी उघडून मिळायचा, लोकल-ओरिजिनल हा शब्दच आमच्या कानावर नव्हता. १९९६ ला कारखाना बंद झाला आणि मग तुम्हा पोरांच्या नशिबी ही शोधाशोध आली. त्याचं मला मनापासून दुःख होतं.

एक सांगतो. आम्ही लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गियरमध्ये गाडी सोडत नसू. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेलं, म्हणजे पेट्रोल बंद की ऑईल बंद. चाक इंजिनला फिरवतंय आणि पिस्टन कोरडा. दर अर्ध्या-एक मिनिटाने थोडी रेस द्यायची किंवा क्लच दाबायचा. या सवयीने माझा पहिला पिस्टन अकरा वर्षं चालला.


उद्यमनगर_कट्टा | १३ मे, सकाळी ९:२०

काका, फार मोलाचं सांगितलंत. मला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

लेथवाली ताई, ओरखडे नखाला लागतात. खोली मोजून सांगतो.

काल रात्री झोप लागेना म्हणून ब वर बसलो. उंची ०.८ मिमीने कमी असली तर काय होईल? ६५ च्या बोअरचं क्षेत्रफळ ३३.२ चौरस सेंमी, म्हणजे डोक्यावरची जागा २.६५ सीसीने वाढते. कॉम्प्रेशन ७ ला १ होतं असं धरलं तर ते ६.६ च्या आसपास येतं. ताकद थोडी कमी होईल, तेवढं चालवून घेता येईल. पण डोकं सगळीकडेच ०.८ ने खाली असणार, म्हणून एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारं) आणि ट्रान्सफर (ताजं मिक्श्चर आत आणणारं) पोर्ट, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतली दारं, ठरल्यापेक्षा आधी उघडणार आणि उशिरा बंद होणार. त्यात इनटेकच्या बाजूचा स्कर्ट २ मिमी आखूड. आपल्या इंजिनात रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी झडप) नाही, इनटेक पोर्ट उघडणं-मिटणं स्कर्टची खालची कडच करते. ती आखूड म्हणजे पोर्ट लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, आणि कमी वेगात मिक्श्चर कार्बोरेटरमधून परत बाहेर थुंकतं. सकाळी किक मारायला त्रास, चौकात बंद पडणं, सगळ्याचं मूळ इथे.

आणि १८ ग्रॅम. स्ट्रोक ७५, म्हणजे क्रँकची त्रिज्या ३७.५ मिमी. ४००० आरपीएमला एवढं जादा वजन दर फेऱ्याला टोकाशी सुमारे १२ किलोचा जादा धक्का देतं. एकच सिलिंडर, क्रँकचा समतोल जुन्या वजनावर बांधलेला. हँडलला मुंग्या येणार त्या याच.


आरएक्स_अहमदनगर | १३ मे, सकाळी ११:४५

माझी यामाहा आरएक्स १०० आहे, बोअर ५०, स्ट्रोकही ५०. हे सगळं मला लागू होतं का? बोअर किट घ्यायचा विचार आहे.


लेथवाली | १३ मे, दुपारी २:३०

आरएक्स दादा, तत्त्व तेच, आकडे वेगळे. तुमचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि आत बीडाचा लायनर, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते, आणि पिस्टनही लहान. म्हणून क्लिअरन्स बीडाच्या येझदीपेक्षा कमी लागतं. रीड व्हॉल्व्ह असल्याने स्कर्टची लांबी तेवढी नाजूक नाही, पण इनटेकच्या बाजूची खिडकी बघून घ्या. आरएक्स १३५ चा बोअर ५८ आहे, स्ट्रोक तोच ५०. त्यामुळे दुकानात कुणी "एकच पिस्टन दोन्हीला चालतो" म्हणालं तर तिथून निघा. राजदूत ३५० असेल तर दोन पिस्टन एकत्र काट्यावर ठेवून जुळवायचे, एक जड एक हलका चालणार नाही.

आता फोर्ज्ड. कारखान्याच्या ओतीव पिस्टनमध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. सिलिकॉन असलं की पिस्टन कमी फुगतो आणि कमी झिजतो. रेसिंगच्या फोर्ज्ड पिस्टनला बहुधा २६१८ हा मिश्रधातू वापरतात, त्यात सिलिकॉन पाव टक्क्याहूनही कमी. घणाखाली घडवलेला म्हणून मजबूत, तडा जात नाही, पण जास्त फुगतो. तुमच्या ६५ च्या बोअरला मग मी ०.१० तरी मागेन. थंड असताना पिस्टन आत हेलकावत राहणार आणि रिंगा कडेवर झिजणार. चौदा-सोळा अश्वशक्तीच्या इंजिनात पिस्टन मोडल्यामुळे गाडी थांबली असं मी माझ्या टेबलावर फार क्वचित पाहिलं. क्लिअरन्स, ऑईल आणि रिंगा यांच्यामुळे थांबलेल्या रोज येतात. ४०३२ मिश्रधातूचा फोर्ज्ड मिळाला तर गोष्ट वेगळी, त्यात सिलिकॉन ओतीवइतकंच असतं.

लोकलबद्दल घाटवाट दादांशी मी सहमत आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि पिस्टनचे कारखाने देशभराच्या डिझेल इंजिनांना माल देतात, हात चांगलेच आहेत. गोंधळ नमुन्यात होतो. कुणीतरी झिजलेला किंवा दुसऱ्याच मॉडेलचा पिस्टन नमुना म्हणून देतो, साचा त्याच्यावरून बनतो आणि पुढची सगळी पोरं तशीच जन्मतात.


घाटवाट | १३ मे, दुपारी ४:०५

पटलं ताई. फोर्ज्डबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. ०.१० क्लिअरन्सने रोज ऑफिसला जाणं मला जमणार नाही.


ब्र्नोकर | १३ मे, संध्याकाळी ७:५०

मी मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं चेक प्रजासत्ताकात ब्र्नोला. पिस्टन मीच पाठवला म्हणून थोडी माहिती.

इकडे आपल्या जुन्या जावाला 'कीवाच्का' म्हणतात, म्हणजे डुलणारी. मागचं चाक पाळण्यासारखं हलतं म्हणून. तिच्या आधीची, मागे स्प्रिंगच्या नळकांड्या असलेली ती 'पेराक'. कीवाच्काचं २५० इंजिन आणि म्हैसूरची सुरुवातीची जावा एकाच रक्ताच्या, बोअर-स्ट्रोक ६५ गुणिले ७५ दोन्हीकडे. इकडच्या ह्रादेत्स क्रालोवे शहरातली अल्मेट कंपनी हे पिस्टन आजही बनवते, पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. इकडे गावोगावी या गाड्या चालतात, म्हाताऱ्या माणसांच्या कोठारात पोत्याखाली झाकलेल्या असतात. एका आजोबांनी मला चहा पाजून, हातवारे करून रिंग कशी बसवायची ते दाखवलं. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती.

पण रोडकिंगवाल्यांनी डोळे मिटून हा पिस्टन मागवू नये. म्हैसूरकरांनी नंतरच्या इंजिनात बरेच बदल केले होते. तुमचा जुना पिस्टन मोजा, फोटो पाठवा, मग मी दुकानात पट्टी लावून बघतो. गजन पिनचा व्यास आणि रिंगांची जाडी पण कळवा.


पेट्रोल_पहाट | १३ मे, रात्री ९:३०

एक मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच ठेवला तर इंजिनला मिक्श्चर पातळ मिळतं, आणि पातळ मिक्श्चर म्हणजे जास्त उष्णता. १९७५ चा कार्बोरेटर या पेट्रोलसाठी बनलेलाच नाही. मी माझ्या जावाचा मेन जेट एक पायरी मोठा केला, प्लगचा रंग पांढरट होता तो आता चहासारखा तपकिरी आहे.

आणि टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल ते ओढून घेतं, मग खाली वेगळा थर बसतो. ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, नळातून खालचा थर जातो, इंजिन कोरडं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून ठेवा.


उद्यमनगर_कट्टा | १४ मे, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. ओरखड्यांची खोली जास्तीत जास्त ०.०७ भरली, म्हणजे ६५.५० ला ब्लॉक साफ होईल.

आज एक गोष्ट बघितली आणि अंगावर काटा आला. ब पिस्टनला रिंगा न घालता ब्लॉकमध्ये सरकवला आणि पोर्टमधून टॉर्च मारला. टू-स्ट्रोकमध्ये रिंगेची टोकं फिरू नयेत म्हणून खाचेत एक बारीक पिन असते, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या जुन्या पिस्टनमध्ये ती पिन दोन पोर्टांच्या मधल्या सलग भिंतीसमोर येते, दोन्ही बाजूंना बोटभर बीड. ब मध्ये वरच्या रिंगेची पिन ट्रान्सफर पोर्टच्या कडेपासून जेमतेम दीड-दोन मिमी आत. रिंगेचं टोक किंचित बाहेर उसळलं तर ते सरळ पोर्टच्या कडेत अडकणार. एवढ्या जवळून हे पाहिल्यावर ब चा विषय माझ्यापुरता संपला. क मध्ये पिन अगदी जुन्याच्या जागी आहे.

क घेतोय. अ मेणाच्या कागदात परत गुंडाळून कपाटात ठेवला. पुढच्या पाव-अर्ध्या मिलिमीटरनंतर लागेल तेव्हा लागेल, कदाचित मुलाला.

लेथवाली ताई, ब्लॉक मिरजेला आणला तर घ्याल का?


लेथवाली | १५ मे, सकाळी ८:१५

आणा. पिस्टन, रिंगा, पिन सगळं सोबत. हवं तर बसून बघा, मला आवडतं गिऱ्हाईक बघत असलं की.


सह्याद्रीचा_वारा | १५ मे, सकाळी १०:००

वाचनखूण साठवली. रिंग गॅप किती ठेवणार तेही लिहा.


उद्यमनगर_कट्टा | २१ मे, रात्री ११:२०

काल मिरजेला जाऊन आलो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ब्लॉक आणि पिस्टन आधी दोन तास एकाच टेबलावर. मग मायक्रोमीटर. डोक्यावर ६५.५० लिहिलंय, स्कर्ट भरला ६५.४३. म्हणजे यांचा आकडा बोअरचा. ताईंनी बोअरिंग ६५.४७ ला थांबवलं आणि शेवटचे ०.०३ होनिंगने (फिरत्या दगडांनी घासून) काढले. दर थोड्या वेळाने थांबून गेज, वर-मध्ये-खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. होनिंगने ब्लॉक तापतो, म्हणून मधे एकदा अर्धा तास नुसता ठेवून दिला. तेवढ्यात त्यांच्या वडिलांनी मला पोर्टच्या कडा दाखवल्या. बोअरिंगनंतर त्या ब्लेडसारख्या धारदार होतात. त्यांनी छोट्या दगडाने प्रत्येक पोर्टची वरची-खालची कड मारली आणि माझा अंगठा धरून त्यावरून फिरवला. आधी धार लागत होती, नंतर अंगठा घसरून गेला. माझ्या वर्षापूर्वीच्या कामात ही पायरी झालीच नव्हती, जुन्या रिंगांच्या कडा तुटलेल्या होत्या त्याचं कारण तेव्हा कळलं.

शेवटचं माप ६५.५०, तळात ६५.५०, आडवं ६५.५०. क्लिअरन्स ०.०७.

रिंग गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) विचारला होता. रिंग पिस्टननेच ढकलून बोअरमध्ये सरळ बसवायची आणि फिलर गेज घालायचा. वरची ०.२८, खालची ०.३०. याचाही हिशेब सोपा आहे: रिंगेचा घेर २०६ मिमी. ब्लॉकपेक्षा ती शंभर अंशांनी जास्त तापली तर साधारण ०.२३ ने लांबते. गॅप ०.२० असेल तर टोकाला टोक भिडणार आणि रिंग बोअर खाणार. म्हणून पाव मिमीच्या खाली जायचं नाही.

घरी आल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने ब्रश लावून धुतला. ताईंनी तीनदा बजावलं होतं. पेट्रोलने पुसलं तर होनिंगची भुकटी खाचांत तशीच राहते. पांढरं फडकं फिरवल्यावर काळं यायचं थांबेपर्यंत धुवायचा. मला पाच वेळा लागलं. वाळवून लगेच ऑईल, नाहीतर दहा मिनिटांत तांबूस गंज येतो.

आज पिस्टन बसवला. डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद करूनच गजन पिनची लॉक लावली, दोन्ही नवी, आणि लॉकचं उघडं तोंड सरळ खाली. बाबा शेजारी स्टूल टाकून बसले होते. त्यांनी रिंगा दाबून धरल्या, मी ब्लॉक खाली सोडला. त्यांचे हात आता थरथरतात, पण रिंगेवर बोटं ठेवली तेव्हा थरथरले नाहीत.

पहिले पाचशे किलोमीटर लिटरला ५० मिली ऑईल, नंतर ४०. सुरुवातीला दहा मिनिटं चालवून पूर्ण थंड, असं तीनदा. प्रत्येक वेळी थोडं जास्त. वरच्या गियरमध्ये कमी वेगाने ओढायची नाही, चढ नाही, डबलसीट नाही.


मावळतीचे_काका | २२ मे, सकाळी ७:०५

वडिलांना माझा नमस्कार सांगा.


उद्यमनगर_कट्टा | १४ जून, रात्री ९:०५

३२० किलोमीटर झाले. जेट एक पायरी मोठा केलाय, पेट्रोल_पहाट यांचे आभार. आज दोन्ही एक्झॉस्ट पाईप सोडून पोर्टमधून टॉर्च मारला आणि किक हळूहळू दाबत पिस्टन वर-खाली केला. बोअरवर होनिंगची जाळी अजून दिसते, स्कर्टवर एकही उभा ओरखडा नाही. वरच्या रिंगेचा पृष्ठभाग जिथवर दिसतो तिथवर सारखा चमकतोय. खालच्या रिंगेवर डाव्या पोर्टच्या बाजूला सुमारे एक सेंमीचा पट्टा अजून मंद आहे, तिथे ती पूर्ण बसलेली नाही. लेथवाली ताई, पाचशेपर्यंत थांबू की आत्ताच ब्लॉक काढून बघू?


लेथवाली | १४ जून, रात्री ९:४०

हात लावू नका. पाचशे होऊ द्या, मग परत टॉर्च मारून फोटो टाका.